मेंदूची गाठ आणि पारावरचं वाक्य

मेंदूतली गाठ काढायचं तंत्र आपल्या डोळ्यांदेखत बदललं. त्याबद्दल गावात जे बोललं जातं ते मात्र आजोबांच्या काळातलं आहे, आणि मोबाइलवर जे दिसतं ते बरंचसं जाहिरातीतलं. या दोन्हींच्या मधे खरं काय आहे, हे आपल्या पिढीनं घरात सांगायला हवं.

जानेवारी २०२४. दिल्लीच्या एम्समधली बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. पाच वर्षांच्या मुलीच्या मेंदूतली गाठ डॉक्टरांनी काढली, तीही ती जागी असताना. तिला चित्रं दाखवत होते, ती ओळखत होती, बोलत होती. त्याआधी २०२० साली आंध्रातल्या गुंटूरमध्ये एका तरुणानं ‘बिग बॉस’ आणि ‘अवतार’ बघत बघत ऑपरेशन करून घेतलं. २०१७ साली चेन्नईत दहा वर्षांची एक मुलगी ऑपरेशन चालू असताना कँडी क्रश खेळत होती.

आपण बघतो, ‘बाप रे’ म्हणतो, ग्रुपवर टाकतो आणि पुढे स्क्रोल करतो.

आणि मग कधीतरी आपल्याच गल्लीत कुणाच्या तरी डोक्यात गाठ निघते. तेव्हा पारावर काय बोललं जातं? ‘डोक्याला ब्लेड लागलं की माणूस संपला. त्यापेक्षा घरी तरी सुखानं राहू दे.’

बोलणारी माणसं वाईट नसतात. काळजीनंच बोलतात. पण या एका वाक्यानं किती घरांत किती आठवडे वाया जातात, याचा हिशोब कुठल्याच दवाखान्याच्या कागदावर नसतो. मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. गाठीबद्दल मी सल्ला देऊ शकत नाही. पण वाक्यांबद्दल बोलू शकते, तोच माझा अभ्यास आहे. आणि माझं म्हणणं सरळ आहे: आपल्या भागात मेंदूच्या गाठीवरचा उपचार अडतो तो बऱ्याचदा मशीनपाशी नाही, या वाक्यापाशी अडतो.

वाक्य एके काळी खरं होतं

हे वाक्य हवेतून आलेलं नाही. आपल्या आजोबांच्या तरुणपणी डॉक्टरांना कवटीच्या आत बघताच येत नव्हतं. पाठीच्या मणक्यातून आत हवा सोडायची आणि मग डोक्याचा एक्स-रे काढायचा, असा एक प्रकार होता. त्या हवेच्या सावल्यांवरून गाठ कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. रुग्णाला त्याचा भयंकर त्रास व्हायचा. भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात असा एक विभागसुद्धा नव्हता.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाचं सीटी स्कॅन झालं. मेंदूत गाठ असल्याचा संशय होता म्हणूनच ते केलं होतं. हे मशीन बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना १९७९ साली नोबेल मिळालं. पुढे एमआरआय आलं. ऑपरेशनसाठी मायक्रोस्कोप आले. आज मिरज-सांगलीत सीटी स्कॅन होतं, एमआरआय होतं, न्यूरोसर्जनही आहेत.

तेव्हा पारावरचं वाक्य खोटं नव्हतं. जुनं झालंय. पन्नास वर्षांपूर्वीचं तिकीट घेऊन आपण आजच्या गाडीत बसतोय.

हरळी आणि तिच्या काश्या

आता गाठ काढणं एवढं अवघड का, ते बघू. आपल्या भागातल्या माणसाला हे सांगायला द्राक्षबागेसारखं दुसरं उदाहरण नाही.

सगळ्या गाठी सारख्या नसतात. काही गाठी मेंदूच्या बाहेरच्या आवरणातून येतात. त्यांना मेनिंजिओमा म्हणतात. यातल्या बहुतेक साध्या असतात, हळूहळू वाढतात आणि मेंदूला बाजूला ढकलतात. रानात धोंडा निघावा तशी ही गाठ. जागा सोयीची असेल तर अख्खी निघते आणि माणूस पुढे वर्षानुवर्षं जगतो.

दुसरा प्रकार म्हणजे ग्लायोमा. ही मेंदूच्या आतच उगवते. ही हरळी आहे. वरची हिरवळ उपटली की रान स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण खाली काश्या पसरलेल्या असतात. हरळीसाठी आपण रान खोल नांगरू शकतो. मेंदूत तसं करता येत नाही. तिथे एका बोटाच्या अंतरावर बोलण्याची जागा असते, तिच्या पलीकडे हात हलवण्याची. थोडं जास्त कापलं तर माणूस वाचतो पण मुका होतो. थोडं कमी कापलं तर गाठ परत येते. वर वाईट गोष्ट अशी की कडेला गाठ आणि चांगला मेंदू डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात.

नव्या तंत्रज्ञानाची सगळी धडपड या एका प्रश्नाभोवती आहे: काश्या कुठपर्यंत गेल्यात?

नकाशा, सोनोग्राफी आणि गुलाबी उजेड

पहिलं उत्तर होतं न्यूरोनेव्हिगेशन. मेंदूचा जीपीएसच म्हणा. आदल्या दिवशीचा एमआरआय कॉम्प्युटरमध्ये टाकायचा आणि सर्जनच्या हातातलं हत्यार नेमकं कुठे आहे ते स्क्रीनवर बघायचं. यात एक गंमत आहे. कवटी उघडली, आतलं पाणी निघालं, गाठीचा थोडा भाग काढला की मेंदू जागेवरून किंचित सरकतो. नवा हायवे झाल्यावर मॅप जुनाच रस्ता दाखवत राहतो ना, तसं होतं. आपण चुकीच्या वळणावर वळलो तर फार तर पाच किलोमीटरचा फेरा पडतो. तिथे मिलिमीटरचा प्रश्न असतो.

यावर श्रीमंत उपाय म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच एमआरआय मशीन बसवणं. १९९४ साली बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलनं तसं केलं. उपाय उत्तम, पण कोट्यवधींचा, आणि थिएटरसुद्धा त्या मशीनच्या हिशोबानं बांधावं लागतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि खिशाचा विचार करणारा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. अलिअसगर मोइयदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या गाठींसाठी नेव्हिगेशनला जोडलेली थ्री-डी सोनोग्राफी वापरली आणि त्यावर अनेक वर्षं संशोधन प्रसिद्ध केलं. सोनोग्राफी म्हणजे तीच, जी आपल्याला गरोदर बाईच्या तपासणीमुळे माहीत आहे. कवटीची खिडकी उघडली की तिथे प्रोब ठेवायचा आणि आता, या क्षणी गाठ किती उरलीय ते बघायचं. नकाशा जागेवरच ताजा होतो. चित्र एमआरआयइतकं सुबक नसतं आणि ते वाचायला सरावाची नजर लागते. पण खर्चाचा विचार केला तर जिल्ह्याच्या ठिकाणी पोचू शकेल असं हे तंत्र आहे.

तिसरी गोष्ट ऐकायला जादूसारखी आहे. ऑपरेशनच्या काही तास आधी रुग्णाला एक औषध पाण्यात घालून प्यायला देतात. नाव ५-अमिनोलेव्ह्युलिनिक अ‍ॅसिड, थोडक्यात ५-एएलए. गाठीच्या पेशींमध्ये त्याचा एक रंगद्रव्य पदार्थ होऊन साठतो. मग थिएटरमधले दिवे मंद करून मायक्रोस्कोपचा निळा उजेड टाकला की गाठ गुलाबी-लाल चमकते आणि आजूबाजूचा मेंदू निळाच राहतो. जर्मनीत ३२२ रुग्णांवर झालेला याचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. साध्या उजेडात केलेल्या ऑपरेशनमध्ये दिसणारी गाठ पूर्ण निघाली ३६ टक्के रुग्णांची. निळ्या उजेडात ६५ टक्क्यांची. सहा महिन्यांनंतर आजार न वाढलेले रुग्ण २१ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याला परवानगी दिली.

आणि अगदी ताजं म्हणाल तर एआय. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये ‘फास्टग्लायोमा’ नावाच्या प्रणालीचा अभ्यास आला. मिशिगन विद्यापीठ आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी ती बनवली. कडेचा बारीकसा तुकडा काढायचा, खास लेझर मायक्रोस्कोपखाली त्याचं चित्र घ्यायचं, आणि त्यात गाठीच्या पेशी उरल्यात का ते एआय साधारण १० सेकंदांत सांगतो. २२० रुग्णांच्या नमुन्यांवर तो सुमारे ९२ टक्के अचूक ठरला. हे अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. उद्या सकाळी मिरजेत मिळेल असं नाही. पण दिशा कळते: काश्या शोधायचं काम हळूहळू अंदाजावरून पुराव्यावर येतंय.

‘हे काय आहे?’ हे कुठल्या भाषेत विचारणार?

आता त्या जागेपणीच्या ऑपरेशनकडे येऊ, कारण रील्स त्याचेच असतात.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते डोक्याच्या कातडीला आणि आतल्या आवरणाला. तिथे बधिर करायचं इंजेक्शन दिलं की मधल्या टप्प्यात रुग्णाला जागं ठेवता येतं. मग सर्जन मेंदूच्या एकेका जागेला अगदी बारीक वीजप्रवाह लावतो आणि समोर बसलेला माणूस चित्रं दाखवतो. ‘हे काय आहे?’ रुग्ण अडखळला, तर ती जागा बोलण्याची. तिथे हात लावायचा नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच या पद्धतीनं मेंदूचे नकाशे काढले. वेल्लोरचे डॉ. चांडी त्यांच्याच संस्थेत शिकून आले होते. म्हणजे रीलमध्ये जे नवं कोरं वाटतं, त्याचं मूळ चांगलं नव्वद वर्षांचं आहे. टीव्ही आणि गेम हे रुग्णाला शांत ठेवायला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला असतात. तो स्टंट नसतो.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती भाषा. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूत शब्द आठवण्याच्या काही जागा दोन्ही भाषांना सारख्या, तर काही वेगवेगळ्या सापडतात, हे १९७८ सालीच अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑपरेशन टेबलवर दाखवून दिलं होतं. आता आपला विचार करा. आपल्याकडे जतच्या बाजूची कितीतरी घरं घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलतात. अशा घरातल्या बाईला इंग्रजी किंवा हिंदी चित्रकार्डं दाखवून तपासलं तर काय राखलं जाईल? तिला नातवाशी बोलायची भाषा राखायची आहे. समोर स्नोमॅनचं चित्र धरलं आणि ती गप्प राहिली, तर दोष मेंदूचा की कार्डाचा?

म्हणून मला वाटतं, कोयता, पाटी, चूल, द्राक्षाचा घड अशी चित्रं आणि समोर बसून मराठीत, कानडीत विचारणारा माणूस हेसुद्धा तंत्रज्ञानच आहे. स्वस्त आहे, पण ठरवून तयार करावं लागतं. ऑपरेशनला जाणाऱ्या घरानं बिनधास्त विचारावं: ‘तपासणी आमच्या भाषेत होणार का?’

दुसरं वाक्य जाहिरातीचं

पारावरचं वाक्य जुनं, तसं मोबाइलवरचं वाक्य खोटं असू शकतं. ‘टाका नाही, चिरा नाही, दुसऱ्या दिवशी घरी.’ ‘लेझरने गाठ गायब.’ अशा पोस्ट बघितल्या की मला भीतीच वाटते, कारण भीतीनं थांबलेला माणूस निदान घरी तरी असतो. आशेनं फसलेला माणूस जमीन विकून बसतो.

एक उदाहरण घ्या. ‘गामा नाइफ’ हे नाव ऐकून लोकांना वाटतं, काहीतरी भारी सुरी असणार. तिथे सुरीच नसते. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये आणलेलं ते रेडिएशनचं मशीन आहे. अनेक बारीक किरण एकाच बिंदूवर आणायचे. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमध्ये ही सोय आहे. लहान आणि ठरावीक गाठींसाठी ते फार उपयोगी आहे. पण आत मोठी गाठ बसून मेंदू दाबत असेल, तर तिथे ऑपरेशनच लागतं. ‘बिनचिऱ्याचं’ म्हणून तेच सगळ्यांना चांगलं, असं नसतं.

आणि सगळ्यात कडू गोष्टही लपवू नये. ग्लायोमातला सगळ्यात आक्रमक प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ज्यावर आजचा उपचार उभा आहे त्या अभ्यासात ऑपरेशननंतर नुसतं रेडिएशन दिलेले निम्मे रुग्ण साधारण १२ महिने जगले. सोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिल्यावर हा आकडा साडेचौदा महिन्यांच्या आसपास गेला. अडीच महिन्यांची वाढ. वर सांगितलेल्या गुलाबी उजेडाच्या अभ्यासातही गाठ जास्त निघाली, आजार परत यायला वेळ लागला, पण एकूण आयुष्य किती वाढलं याचा ठोस फरक सिद्ध झाला नाही. हेही बातमीत आलं पाहिजे. तसं ते येत नाही, आणि इथे आमच्या पत्रकारितेचाही दोष आहे. ‘क्रांती’ हा शब्द मथळ्यात बसवायला आम्हाला फार आवडतं.

मग कुणी म्हणेल, एवढंच असेल तर ऑपरेशन कशाला? पण गाठ कुठल्या प्रकारची आहे हे तुकडा तपासल्याशिवाय नक्की कळत नाही. जी घरं ‘कशाला’ म्हणून थांबतात, त्यातल्या काहींची गाठ धोंडा असते, हरळी नसते. ती पूर्ण निघाली असती. आणि हरळी असली तरी डोक्यातला दाब कमी होऊन माणूस शुद्धीत, बोलता-चालता राहिलेले महिने घरासाठी छोटे नसतात. सगळं नीट समजून घेऊन एखादा रुग्ण ‘नको’ म्हणाला तर तो त्याचा हक्क. न समजता, दुसऱ्यांच्या वाक्यावर ‘नको’ म्हणायला लावणं हा त्याच्यावर अन्याय.

चाळीस किलोमीटर आणि चार महिने

आमच्या गल्लीत एक काका आहेत, बेदाणा शेडवर कामाला. पहाटे डोकं दुखायचं, उलटी झाली की बरं वाटायचं. पित्त म्हणून गोळ्या झाल्या. मग चष्म्याचा नंबर बदलून आणला. मग एक दिवस शेडवरच आकडी आली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा. संध्याकाळी अंगारा लागला. असे चार महिने गेले. मिरजेत स्कॅन झालं तेव्हा लिंबाएवढी गाठ.

पण त्यानंतरही बावीस दिवस घर बसून होतं. पाहुणे येत होते, तेच वाक्य बोलून, चहा पिऊन जात होते. हे घर हललं कशानं, ते मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, आम्हाला वाटायचं डोकं उघडतात म्हंजे नारळावाणी फोडतात. मग त्या डॉक्टरांनी कागद घेतला न् पेनानं काढून दाखवलं. एवढीशी खिडकी करतात, गाठ काढतात, न् तेच हाड परत बसवतात. म्हटलं, एवढंच हाय तर मग करूया की.’

एक कागद, एक पेन, दहा मिनिटं. एवढ्यानं बावीस दिवसांची कोंडी फुटली. गाठ साधी निघाली. काका परत शेडवर जातात. डाव्या हाताची पकड मात्र थोडी कमी आहे. ती चार महिने आधी गेले असते तर वाचली असती का, हे कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. काकू अजून तोच विचार करतात.

कवठे महांकाळपासून मिरज चाळीसेक किलोमीटर. त्या मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून कर्नाटक-गोव्यातून माणसं उपचाराला मिरजेत येतात. सव्वाशे वर्षांचं वैद्यकीय गाव आपल्या दारात आहे आणि आपण आकडीला चप्पल हुंगवतोय. इथे रस्ता कमी पडला नाही.

अर्थात सगळा दोष लोकांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते चूक आहे. लोक थांबतात कारण त्यांना पैशाची धास्ती असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करायचा आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. न्यूरोसर्जरीचे उपचार तिच्यात आहेत. पण योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो आणि त्याला सगळं विचारता येतं, हे किती घरांना माहीत आहे? आणि योजनेबाहेरचा खर्च तर कुणी मोजतच नाही. टाटाला जायचं म्हणजे मिरजेतून महालक्ष्मी एक्स्प्रेस, मुंबईत राहायची सोय, सोबत एक माणूस, त्याचा बुडालेला रोजगार. रेडिएशन तर आठवडेच्या आठवडे चालतं.

म्हणून माझी मागणी मोठ्या मशीनची नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी आधी काय यावं असं मला विचारलं, तर मी म्हणेन: मोठ्या माणसाला पहिल्यांदा आकडी आली तर ठरावीक दिवसांत स्कॅन झालंच पाहिजे, असा नियम. ऑपरेशनवेळी सोनोग्राफीसारखी परवडणारी साधनं आणि ती वापरायचं प्रशिक्षण. ऑपरेशननंतर हात-पाय आणि बोलणं परत आणणारे फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट तालुक्याच्या जवळ. आणि तो कागद-पेन घेऊन बसायला डॉक्टरला दहा मिनिटं. ओपीडीच्या रांगेत ही दहा मिनिटंच सगळ्यात महाग झालीत.

आपलं काम त्याच्या आधीचं. घरात इंटरनेट आपल्या हातात असतं, म्हणून घर आपल्याला विचारतं. ‘बघ गं, काय लिहिलंय.’ तेव्हा फॉरवर्ड वाचून दाखवायचा नाही. पाहुण्यांसमोर लहान तोंडी मोठा घास वाटला तरी चालेल, पण एवढं म्हणायचं: ‘मामा, आधी गाठ कुठली आहे ते कळू द्या, मग ठरवू.’

एवढं जवळ ठेवा

• डोकं दुखतं म्हणजे गाठच, असं मुळीच नाही. बहुतेक डोकेदुखीची कारणं साधी असतात. पण दिवसेंदिवस वाढणारी, पहाटे उलटीसोबत येणारी डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय कमजोर होणं, बोलताना शब्द न सापडणं, दोन-दोन दिसणं, स्वभाव अचानक बदलणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

• मोठ्या माणसाला पहिल्यांदा आकडी आली तर तपासणी हवीच. कारण गाठ नसून जंताच्या अळीचा मेंदूतला आजारही असू शकतो, आणि त्यावर औषध आहे.

• आकडी आल्यावर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, वेळ बघा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

• डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: गाठ आवरणाची वाटते की आतली? पूर्ण निघेल का, आणि नाही तर का नाही? बोलण्याला किंवा हाताला धोका किती? तुकडा कुठे तपासणार? योजनेत काय बसतं आणि बाहेरून काय आणावं लागेल? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन येऊ का? चांगला डॉक्टर शेवटच्या प्रश्नावर रागावत नाही.

• जन आरोग्य योजनेच्या चौकशीसाठी १५५३८८ हा नंबर आहे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र सोबत ठेवा.